कोठ्यातून माणसांत आलेला शब्द : खच्चीकरण

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर सेवांचा फलक असतो. औषधोपचार, लसीकरण, कृत्रिम रेतन, गर्भतपासणी, खच्चीकरण. नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याला गेलात तरी साधारण हेच शब्द दिसतील. आणि फलकाखालच्या बाकावर कुणी पेपर वाचत बसलेला असेल, तर त्याच्या पेपरातही हा शेवटचा शब्द सापडण्याची शक्यता बरीच आहे. पोलिसांच्या मनोधैर्याचे खच्चीकरण, कार्यकर्त्यांचे खच्चीकरण, शिक्षकांचे मानसिक खच्चीकरण. भिंतीवर तो बैलासाठी लिहिलाय, पेपरात माणसासाठी. भटक्या कुत्र्यांची बातमी असली की तोच पेपर ‘निर्बीजीकरण’ असा स्वच्छ, औषधाचा वास येणारा शब्द वापरतो. म्हणजे जनावरांसाठी सभ्य शब्द शोधला गेला आणि जनावरांचा शब्द माणसांना लागला.

माझं काम मजकूर तपासण्याचं. दिवसभर लोकांचं मराठी वाचते. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन लागलं की मोर्च्यांची निवेदनं येतात, एरवी अर्ज, भाषणं, पत्रकं. ‘खच्चीकरण’ हा शब्द त्यांत इतक्यांदा येतो की लिहिणाऱ्यालाही त्याचं वजन जाणवेनासं झालंय. मला मात्र तो प्रत्येक वेळी थांबवतो, कारण मी त्याचा मूळ अर्थ डोळ्यांनी पाहिला आहे.

काटोलकडच्या आमच्या गावी आबाजींचा एक पांढरा गोऱ्हा होता, गवळाऊ जातीचा. वर्धा-नागपूरकडची ही जात अंगानं हलकी, पायानं चपळ. हा अडीचेक वर्षांचा झाला आणि कोणालाच ऐकेना. दोनदा खुंटा उपटून पळाला, एकदा शेजारच्या वखराच्या जोडीवर धावून गेला. एका सकाळी ढोराचा डॉक्टर आला. पोरींनी पाहू नये म्हणून मला घरात पिटाळलं, पण कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, कुडाला फट होती. चार माणसांनी दोर टाकून गोऱ्ह्याला कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर आडवा केला. डॉक्टरांच्या हातात दोन लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा होता. त्यांनी बोटांनी चाचपून काहीतरी पकडलं, चिमटा लावला आणि दाबला. कचकन असा हलका, बंद आवाज आला. मग दुसऱ्या बाजूला पुन्हा तसंच. रक्ताचा थेंब नाही. दोर सोडला तेव्हा गोऱ्हा उठला, दोन पावलं गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवशी त्यानं ढेपेला तोंड लावलं नाही.

आबाजी पाय धूत म्हणाले, “आता हा जुवाले मान देईन.”

मी रडत होते. मला वाटलं होतं त्याला मारायलाच आणलंय. आबाजींनी मला जवळ घेतलं. “मारलं नाही ना बाई त्याले. कामाले लावलं.”

या दोन वाक्यांत शब्दाचा सगळा अर्थ आहे, असं मला आज वाटतं.

त्या चिमट्याचं नाव बर्डिझो. इटलीतल्या त्याच नावाच्या पशुवैद्यानं तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवला. त्यानं कातडी फाटत नाही. आतली, वृषणाला रक्त पुरवणारी दोरी तेवढी चिरडली जाते. रक्तपुरवठा तुटला की वृषण हळूहळू सुकतं. त्याआधी हेच काम लाकडी दांड्यांनी ठेचून व्हायचं, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी ‘बैल बडवणे’ असतं. वृषणात तयार होणारं नर-संप्रेरक थांबलं की जनावराची रग ओसरते. भांडण, गाईमागे धावणं, शिंग उगारणं कमी होतं. ताकद मात्र ओढण्यापुरती शाबूत राहते. वळू किंवा सांड नांगराला धरणं कठीण, बैल धरता येतो. हे करताना भूल द्यावी, जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, असं पशुवैद्यक सांगतं आणि ते योग्यच आहे. नसबंदीत मात्र रग ओसरत नाही. नसबंदीत फक्त वाट बंद होते, संप्रेरक चालूच राहतं, स्वभाव बदलत नाही. म्हणून कोणाच्या उमेदीची ‘नसबंदी’ झाली असं आपण म्हणत नाही. भाषेला शरीरशास्त्र न शिकताही हा फरक कळलेला असतो.

आता शब्दाच्या बांधणीकडे बघू. ‘खच्ची’चं भावंड हिंदीत ‘खस्सी’ म्हणून आहे, खस्सी केलेला बोकड या अर्थानं, आणि दोघांच्या मागे अरबीतला ‘खसी’ उभा आहे. म्हणजे वृषण काढलेला. मराठीनं हा शब्द घेतला, ओठात घोळवून ‘खच्ची’ केला आणि त्याला संस्कृतातलं ‘करण’ जोडलं. अरबी धड आणि संस्कृत शेपूट, पण कोणालाही खटकत नाही, कारण मराठीला ही सवयच आहे. शहर फारसी, त्याचं शहरीकरण झालं. बाजार फारसी, त्याचं बाजारीकरण.

या ‘करण’आधीच्या दीर्घ ‘ई’मध्ये एक बारीक अर्थ दडलेला आहे. संस्कृतात च्वि प्रत्यय म्हणतात तो. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं, तर शुद्धीकरण. सबल नव्हते त्यांना सबल केलं, तर सबलीकरण. तोच न्याय इथे लावा. जो खच्ची नव्हता, त्याला खच्ची केलं. ज्याच्याकडे रग होती, ताठा होता, स्वतःची चाल होती, त्याचंच खच्चीकरण होऊ शकतं. म्हणून ज्याचं खच्चीकरण झालं त्याला दुबळा समजणं ही मोठी चूक आहे. शब्द स्वतःच सांगतो की तो दुबळा नव्हता. लिहितानाही ‘च्ची’ दीर्घच लिहा. ‘खच्चिकरण’ हे रूप मी रोज दुरुस्त करते.

‘खच’ या उच्चारानं लोकांचा मोठा घोटाळा होतो. खच्चीकरण हे ‘खचणे’पासून आलं असं पुष्कळांना वाटतं, शिकलेल्यांनाही. तसं नाही. खचणे हे वेगळं क्रियापद आहे. पावसात विहीर खचते, रस्ता खचतो. सावनेरकडे जमिनीखालचा कोळसा काढून घेतला की वरची जमीन खचते. आतलं पोकळ होतं आणि वरचं बसतं. माणूसही असाच खचतो. घरातलं कोणी गेलं, सलग तीन वर्षं कापूस हातचा गेला, आजारपण लांबलं, तर माणूस खचतो. त्याला कोणी खचवलेलं नसतं. खचण्याला कर्ता लागत नाही. खच्ची करायला लागतो. कोणीतरी दोर टाकावा लागतो, कोणीतरी चिमटा धरावा लागतो. म्हणून “बाबा गेल्यापासून आई खचली” हे बरोबर आणि “बाबा गेल्यानं आईचं खच्चीकरण झालं” हे चूक. त्यात आईच्या दुःखाला नसलेला गुन्हेगार चिकटतो. उलटंही तितकंच चूक. जिला सासरच्या चार जणांनी मिळून सहा वर्षं ठेचली, तिच्याबद्दल “ती जरा खचलीय” म्हणणं म्हणजे त्या चौघांना सोडून देणं.

याच उच्चाराचं आणखी एक भावंड आहे, ‘खच्चून’. नागपूरच्या सीताबर्डीवरून निघालेली सहाची बस खच्चून भरलेली असते. पोरं मैदानात खच्चून ओरडतात. पूर्ण भरून, असेल नसेल त्या सगळ्या जोरानिशी, असा त्याचा अर्थ. कानाला इतके जवळचे हे दोन शब्द अर्थानं एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

मन मोडण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. हिरमोड हा सगळ्यात हलका. सहलीच्या दिवशी पाऊस आला की पोरांचा हिरमोड होतो आणि भजी तळली की तो जातो. नाउमेद होणं त्याहून खोल, पण तेही अपयशानं, वाट पाहण्यानं होतं. पाणउतारा चारचौघांत होतो, एका घटनेत संपतो, आणि माणूस घरी जाऊन चिडतो. चिडतो म्हणजे रग शिल्लक आहे. खच्चीकरण झालेला माणूस चिडत नाही, हीच त्याची खूण.

तेजोवध हा शब्द मात्र खच्चीकरणाच्या अगदी शेजारचा. तो महाभारतातून आला. मद्रदेशाचा राजा शल्य हा नकुल-सहदेवांचा सख्खा मामा, पण दुर्योधनाच्या आतिथ्याला भुलून त्याच्या बाजूला गेला. युधिष्ठिरानं त्याच्याकडे एकच मागणं मागितलं: कर्णाचं सारथ्य तुझ्याकडे येईल, तेव्हा त्याचा तेजोवध कर. पुढे तसंच झालं. रणांगणात घोडे हाकता हाकता शल्य कर्णाला टोचत राहिला. उष्ट्यावर वाढलेला कावळा हंसाशी उडण्याची पैज लावतो आणि समुद्रावर दमून पडतो, ही गोष्ट त्यानं कर्णाला तेव्हाच ऐकवली. किती बारीक काम आहे बघा. शस्त्र नाही, वार नाही. ज्याच्या हातात तुमच्या रथाचे लगाम आहेत, तोच तुम्हाला सांगतोय की तू कावळा आहेस. शत्रूचं बोलणं कर्णानं हसण्यावारी नेलं असतं. सारथ्याचं कसं नेणार?

तरीही तेजोवध आणि खच्चीकरण यांत फरक आहे, आणि माझ्या मते तो फार महत्त्वाचा. तेजोवधाचा शेवट मरणात व्हायचा होता. कर्ण हरावा, मरावा, एवढ्यासाठीच ते होतं. खच्चीकरणात मरण नको असतं. मेलेला बैल काय कामाचा? इथे माणूस जिवंत हवा, धडधाकट हवा, रोज वेळेवर यायला हवा, ओझं ओढायला हवा. फक्त त्यानं मान वर करू नये. आबाजी म्हणाले तसं, कामाला लावायचं असतं. म्हणून जिथे कोणाकडून तरी काम, सेवा, मत किंवा गप्प बसणं हवं असतं, तिथे खच्चीकरण दिसतं: कार्यालयात, घरात, पक्षात, शाळेत. अनोळखी माणूस तुमचा अपमान करू शकतो, खच्चीकरण करू शकत नाही. त्यासाठी त्याच्या हातात तुमचा दोर लागतो.

आता वापराबद्दलची एक गोष्ट, जी मला इतकी वर्षं मजकूर तपासून लक्षात आली. ‘मी त्याचं खच्चीकरण केलं’ असं वाक्य माझ्यासमोर एकदाही आलेलं नाही. या क्रियापदाला प्रथम पुरुष जणू नाहीच. करणारा नेहमी दुसरेच शब्द वापरतो. मस्ती जिरवली. माज उतरवला. रग मोडली. वळण लावलं. लायनीवर आणलं. थोडे साहेबी वळणाचे असतील तर ‘वास्तवाची जाणीव करून दिली’ म्हणतात. कृती तीच, पण ती चिमट्याच्या कोणत्या बाजूनं पाहिली त्यावर शब्द ठरतो. म्हणून एखाद्या घरात किंवा कचेरीत काय चाललंय हे समजून घ्यायचं असेल, तर ‘इथे खच्चीकरण होतं का?’ असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतील. ‘अलीकडे कोणाची मस्ती जिरवली?’ हे कान देऊन ऐका. उत्तर अभिमानानं मिळेल.

माझी भाची दहावीनंतर एका शिकवणीला जाऊ लागली, मोठ्या प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या. तिथे दर पंधरा दिवसांनी चाचणी आणि गुणांप्रमाणे तुकडी. पहिल्या तुकडीतून ती दुसरीत गेली, मग चौथीत. हे एक वेळ चालेल, गुण कमी पडले तर कमी पडले. पण प्रत्येक वेळी नावं वर्गात मोठ्यानं वाचली जात, ज्यांची तुकडी उतरली त्यांनी सगळ्यांसमोर दप्तर उचलून मागच्या खोलीत जायचं, आणि जाताना सर म्हणायचे, “तुमच्याच्यानं हे होत नाही, आईबापाचे पैसे तरी वाचवा.” फी मात्र कोणाची परत दिली नाही. चौथ्या तुकडीची फीही पहिलीइतकीच.

दिवाळीत ती आमच्याकडे आली. आधी ही पोरगी वादाला उभी राहायची; चंद्रावर वजन कमी का भरतं यावर तिनं माझ्या नवऱ्याशी जेवणभर भांडण केलेलं. आता काही विचारलं की “तुम्ही म्हणाल तसं” म्हणे. भाजी कोणती करू, तुम्ही म्हणाल तशी. फिरायला येतेस, तुम्ही म्हणाल तसं. भाऊजींना हे बरं वाटत होतं. म्हणाले, “शांत झाली हो आता पोरगी. समजदार झाली.” मला एकदम कुटाराचा ढीग आठवला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तो गोऱ्हा.

खच्चीकरणाचा सगळ्यात फसवा भाग हाच की ते बाहेरून शांतपणासारखं, समजूतदारपणासारखं दिसतं. वर्ग शांत, घर शांत, कचेरी शिस्तीत. बघणाऱ्याला बरं वाटतं.

या नागपुरात हा विषय एका माणसानं सगळ्यात स्पष्ट मांडून ठेवला आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. त्या जागेला आपण आज दीक्षाभूमी म्हणतो. दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबरला, त्यांनी लोकांना समजावून सांगणारं मोठं भाषण केलं. धर्म का बदलला, हे सांगताना ते उत्साहावर बोलले. माणसाच्या उत्कर्षाच्या मुळाशी उत्साह असतो; परिस्थितीवर मात करीन असा ज्याला विश्वास वाटतो त्याच्यातच तो येतो; आणि माणसाला निरुत्साही करणारी परिस्थिती पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरली, तर फार तर कारकुनी करून पोट भरणारी माणसं तयार होतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ‘खच्चीकरण’ या शब्दाची मला सापडलेली सगळ्यात नेमकी व्याख्या ही आहे, तो शब्द न वापरता केलेली. पोट भरलं जातं. बैलालाही ढेप मिळतेच. प्रश्न पोटाचा नसतो. आणि इथे चिमटा धरणारा कुणी एकटा माणूस नसून अख्खी व्यवस्था असू शकते, जी हजारो वर्षं एकाच जागी दाबत राहते, हेही त्यातून कळतं.

एवढा वजनदार शब्द असला की त्याचा गैरवापरही होणारच. सभेत कोणी पुढाऱ्याच्या कामावर प्रश्न विचारला की दुसऱ्या दिवशी पत्रक येतं, ‘नेतृत्वाचे खच्चीकरण करण्याचा डाव’. प्रश्न विचारणं हे खच्चीकरण नव्हे. पुढाऱ्याचा दोर विचारणाऱ्याच्या हातात नसतो, उलट असतो. परीक्षकानं ‘उत्तर चुकलं, इथे चुकलं’ असं दाखवणं हेही नव्हे. टीका कामावर असते आणि पुढची वाट मोकळी ठेवते. “हे गणित चुकलं” आणि “तुझ्याच्यानं होत नाही” या दोन वाक्यांमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढं या दोन गोष्टींत.

दुसरी खोड करणाऱ्याचं नाव न सांगण्याची. ‘कर्मचाऱ्यांचे खच्चीकरण होत आहे.’ कोण करतंय? कशानं? निवेदनात हे वाक्य आलं की मी पेन्सिलनं विचारते. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला उत्तर चांगलं ठाऊक असतं, पण नाव घ्यायची हिंमत उरलेली नसते. मग त्या वाक्यातच पुरावा दिसतो. अशा वेळी मी दुरुस्ती सुचवताना हात आखडते.

तक्रार लिहायची असेल, तर मात्र हात आखडू नका. ‘माझे मानसिक खच्चीकरण करण्यात आले’ एवढ्या वाक्यानं कुठल्याही टेबलावर काही हलत नाही, कारण तो निष्कर्ष आहे. वाचणाऱ्याला घटना लागतात. कोणत्या तारखेला, कोणासमोर, कोणते शब्द, त्यानंतर काय काढून घेतलं: काम, खुर्ची, किल्ली, फोन, बँकेचं कार्ड. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा मारहाणीपुरता नाही. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ वेगळा सांगितला आहे. अपमान, टिंगल, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे, हे त्यात येतं. पण कायदा ‘खच्चीकरण’ हा शब्द ओळखत नाही, तो टोमणा ओळखतो. टोमणा जसाच्या तसा लिहा, घरच्या बोलीत बोलला असेल तर बोलीत. “तुले कोन विचारते” हे प्रमाण मराठीत आणू नका, तसंच राहू द्या.

एक अडचण उरते, आणि ती टाळणं मला बरोबर वाटत नाही. हा शब्द मुळात नराच्या शरीराचा आहे. हिंमत म्हणजे पौरुष आणि भीती म्हणजे नामर्दपणा, ही जुनी समजूत त्याच्या पोटात बसली आहे. ती फक्त मराठीची नाही. ‘क्लैब्यं मा स्म गमः पार्थ’ म्हणत श्रीकृष्ण अर्जुनाला उठवतो, तिथेही खचलेल्या मनाला दिलेलं नाव क्लीबतेचंच, म्हणजे नपुंसकतेचंच आहे. मग स्त्रीचं खच्चीकरण म्हणायचं का? ज्यांच्या देहावरून समाज आधीच बोलतो, त्या तृतीयपंथी माणसांना हा शब्द कसा लागत असेल? मी यावर बराच विचार केला. शब्दातला नर मागे पडून जू पुढे आलंय, असं मला वाटतं. आज “तिचं खच्चीकरण केलं” म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देह नसतो, झुकवलेली मान असते. आणि मान सगळ्यांनाच असते. म्हणून मी हा शब्द स्त्रियांसाठीही ठेवते. ‘नामर्द केलं’, ‘बांगड्या भरल्या’ हे मात्र खोडते, कारण तिथे एकाची मान झुकली हे सांगताना दुसऱ्याचा देह हिणवला जातो.

नागपुरात निम्मा बाजार हिंदीत चालतो, त्यामुळे हिंदी बोलणारे सहकारी मला या शब्दासाठी हिंदी शब्द विचारतात. मनोबल तोड़ना, हौसला तोड़ना हे जवळ जातात, पण त्यांत जू येत नाही. आणि हिंदीत बैलाला खच्ची करण्यासाठी जो ‘बधिया’ शब्द आहे, तो माणसाच्या मनापर्यंत एवढा आला नाही. मराठी माणसानं मात्र सत्ता ओळखली ती कोठ्यातून. जुंपणं, वेसण घालणं, दावणीला बांधणं, मोकाट सुटणं. यात खच्चीकरण सगळ्यात शेवटचं, कारण बाकी सगळं सोडता येतं. वेसण काढता येते, दावं तोडता येतं. खच्ची झालेला बैल पुन्हा वळू होत नाही.

इथे मात्र उपमा माणसाला लागू पडत नाही, आणि ती लागू पडत नाही याचा मला फार आधार वाटतो. 1967 च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत आणि ते थांबवणं त्यांच्या हातात नसे. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे बुटकी फळी ओलांडली की झटका चुकत होता. इतर कुत्री उडी मारत. यांच्यातली बरीचशी जागीच बसून झटके सोसत. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं. पुढे जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरचं नवं संशोधन पाहून आपला सिद्धान्त उलटा केला. लांबलेल्या त्रासात हातपाय गाळून बसणं हा मेंदूचा मूळ प्रतिसादच आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावी लागते ती दुसरीच गोष्ट: माझ्या करण्यानं काही बदलतं, ही. म्हणजे खच्ची झालेल्या माणसाच्या आत काही कायमचं चिरडलेलं नसतं. त्याच्या हातून काहीतरी बदललं, हे त्याला पुन्हा दिसावं लागतं. बोलून ते होत नाही. “धीर धर”, “सकारात्मक राहा” यानं तर नाहीच. छोटी, खरी गोष्ट लागते, जी त्यानं ठरवली आणि त्याच्या ठरवण्यानंच झाली.

भाचीची शिकवणी माझ्या बहिणीनं डिसेंबरात सोडवली. फी गेली. बहिणीनं तिला पुढची शिकवणी कोणती, हे विचारलंच नाही. एवढंच विचारलं की आज कोणता विषय आधी घ्यायचा आणि किती वाजता उठायचं. पहिले कितीतरी दिवस उत्तर यायचं, “तू म्हणशील तसं.” बहीण काही म्हणायची नाही, तिथेच बसून राहायची. असं जानेवारीभर चाललं. फेब्रुवारीत एका संध्याकाळी माझा फोन वाजला. भाची होती. “मावशी, काकांना सांग, चंद्राच्या वजनाचं त्यांचं चुकलंच होतं. मी काढून पाहिलं. देते का फोन त्यांना?”